पिकअपच्या ‘ट्यूनर’मध्ये पैसे घालण्यापूर्वी



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर पडला की गावात दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक सोयरीक घेऊन येतो आणि दुसरा काहीतरी विकायला येतो. यंदा या दुसऱ्या पाहुण्याने जी वस्तू आणली आहे तिच्याबद्दल चार शब्द लिहिणे आम्हाला जरूर वाटते. वस्तू म्हणजे पिकअपला लावायचा ‘ट्यूनर’. तळहातावर मावेल एवढा डबा. स्टिअरिंगखालच्या खाचेत तो खोचायचा किंवा इंजिनच्या वायरीत मध्येच जोडायचा, की गाडीची ओढ वाढते, घाटात खालचा गिअर टाकावा लागत नाही, आणि वर डिझेलही वाचते, असे सांगतात. एकाच वस्तूने बैल तगडाही होतो आणि वैरणही कमी खातो, असे ऐकले की शेतकऱ्याने खरे म्हणजे तिथेच सावध व्हायला पाहिजे. पण विषय यंत्राचा असला की आपली अक्कल थोडी बिचकते, हेही खरे.

हा शौकाचा प्रश्न असता तर आम्ही पत्रिकेची जागा अडवली नसती. आपला ऊस ट्रॅक्टरने आणि बैलगाडीने येतो, पण बाकीचा संसार आता पिकअपवर चालतो. कांदा, बटाटा, फ्लॉवर, दुधाचे कॅन, पशुखाद्य, लग्नाचे वऱ्हाडसुद्धा. आणि यातल्या बहुतेक गाड्या पतसंस्थेच्या नाहीतर बँकेच्या कर्जावर आहेत. गाडी आठ दिवस उभी राहिली तर हप्ता थांबतो, आणि हप्ता थांबला की नोटीस जामीनदाराला जाते. तो जामीनदारही बहुधा आपलाच सभासद असतो.

या विषयाचा छडा आम्हाला लागला तो संत तुकाराम नगरात. वायसीएम रुग्णालयात आमच्या एका नातेवाइकांना पाहायला गेलो होतो. वल्लभनगरला एसटीतून उतरलो, रुग्णालयात जाऊन आलो, आणि संध्याकाळच्या गाडीला वेळ होता म्हणून आपल्या एका सभासदाच्या मुलाकडे चहाला गेलो. हा मुलगा भोसरी एमआयडीसीत गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या कामावर आहे. घर लहान, पण जेवणाच्या टेबलावर या डब्यांचा बाजारच मांडलेला. आम्ही विचारले, “अरे, दुकान टाकलंस की काय?” तर म्हणाला, “नाही हो काका. गावाकडची पोरं विकत घेतात आणि मग चालतंय का बघ म्हणून माझ्याकडे आणून टाकतात.” चहाला म्हणून गेलेले आम्ही शेवटच्या गाडीने परतलो.

त्याने पहिला डबा घेतला. आगपेटीएवढा, हिरव्या रंगाचा, पाच-सहाशे रुपयांचा. हा खाचेत खोचायचा, दीडशे किलोमीटर गाडी चालवायची, तेवढ्यात तो म्हणे तुमची चालवण्याची सवय ‘शिकतो’ आणि डिझेल वाचवतो. मुलाने स्क्रू ड्रायव्हरने त्याचे टोपण काढले. आत एक इवलीशी चिप, दोन-तीन दिवे आणि एक बटण. गाडीच्या संगणकाशी ज्या पिनांतून बोलणे होते त्या पिनांना आतून तारच जोडलेली नव्हती! दिवे लुकलुकत होते ते नुसते बॅटरीच्या करंटवर. सहाशे रुपयांत दिवाळीची माळ तरी लांब मिळते.

दुसरा डबा अ‍ॅक्सिलरेटरच्या पायट्याला जोडायचा. हा निदान फसवा नाही. पण तो इंजिनाला एक थेंबही जास्त देत नाही. आजच्या गाडीत पायटा आणि इंजिन यांच्यामध्ये तार नसते, पायटा किती दाबला ते संगणकाला विजेच्या खुणेने कळते. हा डबा ती खूण वाढवून सांगतो. तुम्ही पाव पायटा दाबला तर संगणकाला अर्धा दाबल्याचे कळते. गाडी एकदम चपळ झाल्यासारखी वाटते. पण पूर्ण पायटा दाबल्यावर जी ताकद आधी होती तीच आताही असते. घाटात भरल्या गाडीचा पायटा पूर्णच दाबलेला असतो, म्हणजे जिथे गरज तिथे याचा उपयोग शून्य.

तिसऱ्यापासून मात्र खरे प्रकरण सुरू होते, आणि ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांना यात नवे काही वाटणार नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या चढाने ओढायच्या म्हणून पंपाचे सील तोडून डिझेलचा स्क्रू पाव आटा फिरवून घेणारे आपल्यात कमी नव्हते. त्या पाव आट्याने पंप प्रत्येक झटक्याला थोडे जास्त डिझेल सोडी. ओढ वाढे, धूर काळा होई, आणि दोन-तीन हंगामांनी रिंगा आणि पिस्टन हातात येत. चूक होती, पण उघडी होती. धूर सगळ्या यार्डाला दिसे आणि मिस्त्रीला स्क्रू परत मागे घेता येई. कॉमन रेल इंजिन आल्यापासून तो स्क्रूच गेला. एका जाड नळीत डिझेल दीड हजार बारच्या आसपास, कधी त्याहूनही वरच्या दाबाने कोंडलेले असते. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. त्या नळीतून कोणत्या क्षणी, किती वेळ, किती डिझेल उडवायचे हे संगणक ठरवतो, आणि तो ते आपल्या पोटातल्या आकड्यांच्या कोष्टकांवरून ठरवतो. हवा किती आत येते, पाणी किती तापले, दाब किती आहे, हे सेन्सर त्याला सतत कळवत असतात. पंचांगाशिवाय भटजी नाही, तसा कोष्टकांशिवाय हा संगणक नाही.

तर तिसरा डबा, ज्याला ‘ट्यूनिंग बॉक्स’ म्हणतात, तो सेन्सर आणि संगणक यांच्या मध्ये बसतो आणि खोटी साक्ष देतो. रेलमध्ये दाब चौदाशे असेल तर संगणकाला तो बाराशेच आहे असे कळवतो. संगणक बिचारा दाब वाढवतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जाते. काट्यावर कोणी दर खेपेला एक टन कमी दाखवू लागला तर मुकादम ट्रॉलीत आणखी मोळ्या चढवणारच, त्यातला हा प्रकार. आपल्याकडे बंगळूरच्या ‘डिझेलट्रॉनिक’सारखे डबे बरीच वर्षे मिळतात. ते मोटारींच्या हौशी मालकांत खपले, आणि प्रामाणिक बनावटीच्या डब्याने ताकद खरोखरच वाढते हे आम्ही नाकारीत नाही. काढून ठेवला की गाडी पूर्ववत, हा त्याचा मोठा गुण सांगितला जातो. पण तो असतो तोवर संगणकाला खरा दाब माहीत नसतो, आणि ज्याला खरे माहीत नाही त्याच्यावर इंजिनच्या रक्षणाचे काम सोपवलेले असते.

चौथा डबा एका मुलाच्या मामाने अमेरिकेहून आणला होता. हा खरा ‘हँडहेल्ड ट्यूनर’. छोटा पडदा, चार बटणे आणि एक केबल. तिकडे एससीटी, एज, सुपरचिप्स, डायब्लोस्पोर्ट, हायपरटेक अशी याची नावे प्रसिद्ध आहेत, आणि तिकडच्या फोर्ड, शेव्हरोले, रॅम या पिकअपवाल्यांत कोणता चांगला यावर आपल्याकडे बैलजोडीवरून होतात तसे वाद होतात. काम करण्याची रीत साधारण सारखीच. हा डबा गाडीच्या संगणकातली मूळ कोष्टके वाचून आपल्याजवळ जपून ठेवतो आणि त्यांच्या जागी नवी लिहितो. ट्रेलर ओढायला एक, मायलेजसाठी एक, जास्तीत जास्त ताकदीसाठी एक अशी पानेच त्यात भरलेली. एकदा एका गाडीला लावला की तो त्या गाडीशी बांधला जातो. मूळ कोष्टके परत घातल्याशिवाय दुसऱ्या गाडीला चालत नाही, म्हणजे गावभर फिरवायला उपयोगी नाही. फरक आहेत ते तपशिलात. सुपरचिप्ससारख्यात तयार पानांवर भागवायचे, एससीटीत एखाद्या जाणकाराने खास त्या गाडीसाठी लिहून दिलेली कोष्टके घालता येतात, एजचे काही डबे काचेजवळ लावून ठेवायचे म्हणजे इंजिनाचे तापमान, दाब वगैरे चालवताना डोळ्यांसमोर राहतात. हा शेवटचा गुण आम्हाला सर्वांत पसंत पडला. त्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

अमेरिकेत हे डबे गिअरबॉक्सही ‘ट्यून’ करतात, आणि इकडचा विक्रेता ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवतो. तिकडच्या बहुतेक पिकअपचे गिअर आपोआप पडतात. कोणत्या वेगाला वरचा गिअर पडावा, तो हळू पडावा की झटक्यात, आतल्या तेलाचा दाब किती असावा, हेही संगणकच ठरवतो. म्हणून जड ट्रेलर ओढणाऱ्याला त्यात फेरफार करण्याचा अर्थ आहे. आपल्या माल वाहणाऱ्या पिकअपला दांडा असतो, आणि गिअर टाकणारा संगणक म्हणजे ड्रायव्हरचा डावा हात. त्या हाताला ट्यून करायला कुठलाही डबा लागत नाही. टोयोटा हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस या महागड्या पिकअप आपोआप गिअरच्या मिळतात, पण त्या घेऊन कांदा भरणारा सभासद अजून आमच्या पाहण्यात नाही.

पण याच हायलक्समध्ये आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. २०२२ साली ही गाडी भारतात आली तेव्हा तिचे २.८ लिटरचे इंजिन दोन्ही प्रकारांत एकच, अश्वशक्तीही तीच, २०४. पण आपोआप गिअरच्या गाडीत त्याचा पीळ, म्हणजे टॉर्क, ५०० न्यूटन-मीटर आणि हाताने गिअर टाकायच्या गाडीत ४२०. इंजिन तेच, मग ८० कुठे गेले? ते कंपनीने संगणकातच रोखून धरले, कारण मागे जे क्लच आणि गिअरबॉक्स आहे त्याला किती पीळ द्यायचा याचा हिशेब वेगळा. विक्रेता सांगतो, “कंपनीनं ताकद मुद्दाम दाबून ठेवलीय.” त्याचे म्हणणे खोटे नाही. दाबून ठेवली आहे, पण ती तुमच्या क्लचप्लेटसाठी, गिअरच्या दात्यांसाठी, टर्बोसाठी. शिवाय मे महिन्याच्या उन्हासाठी, कुठल्यातरी पंपावरच्या पाणी मिसळलेल्या डिझेलसाठी, आणि दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी. इंजिनाची ती शिल्लक म्हणजे घरातली बियाण्याची कणगी. दिसते भरलेली, म्हणून दळायला काढायची नसते.

मायलेजचेही एकदा बघू. एका लिटर डिझेलमध्ये विजेच्या मापाने साधारण दहा युनिट उष्णता असते. त्यातली तिसरा हिस्सा किंवा थोडी अधिक चाकांच्या कामी येते, बाकीची सायलेन्सरातून आणि रेडिएटरमधून जाते. डबा लावून त्या दहाची बारा होत नाहीत. ओढ वाढली ती जास्त डिझेल जाळूनच. रिकाम्या गाडीवर, हलक्या पायाने, वरच्या गिअरात चालवणाऱ्याला थोडा फरक पडू शकतो. पण तो हलका पाय डब्याशिवायही तेवढाच उपयोगी आहे, आणि फुकट आहे.

पाचवा प्रकार टेबलावर नव्हता. लॅपटॉप घेऊन बसणारा जाणकार गाडीचीच कोष्टके बदलून देतो, त्याला ‘रीमॅप’ म्हणतात. आम्हाला सांगितलेले भाव पंचवीस-तीस हजारांच्या पुढचे होते. या धंद्यात पिंपरी-चिंचवडकडे खरोखर हुशार मुले आहेत. नवल नाही. टेल्को १९६० च्या दशकात पिंपरीत आली, पुढे चाकणला देशी-परदेशी मोटार कंपन्या आल्या, पुण्यात टेकडीवर एआरएआय, भोसरीत सीआयआरटी. या पट्ट्यात इंजिनाची भाषा कळणारे जेवढे लोक आहेत तेवढे देशात फार थोड्या ठिकाणी असतील. पण हुशार मुलगाही आपल्या दारातल्या पिकअपसाठी प्रयोगशाळेत शेकडो तास इंजिन चालवून बघत नाही. कंपनी बघते. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या कोणाची तयार फाइल आणून ओतली जाते, आणि ती कोणत्या गाडीसाठी, कोणत्या हवेसाठी लिहिली होती हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आता आमच्या एका सभासद बंधूंचे सांगतो. नाव देत नाही, त्यांनीच लिहायला सांगितले आहे. गाडी दीड वर्षाची, बीएस-६, कर्जाची. तिसऱ्या प्रकारचा डबा त्यांनी एका गॅरेजातून बसवून घेतला. पहिला महिना खूश होते. “गाडी नुसती उडते,” असे चारचौघांत सांगत, आणि त्यांचे पाहून आणखी दोघांनी डबे मागवले. गाडी उडते म्हटल्यावर माल वाढला. वीस क्रेट जास्त, मग तीस. दुसऱ्या महिन्यात क्लच जळाल्याचा वास येऊ लागला. तिसऱ्या महिन्यात टोमॅटो भरून वाशीला निघाले असताना बोरघाटात रात्री दीड वाजता पिवळा दिवा लागला आणि गाडीने वीसच्या पुढे जायचेच नाकारले. धुरातली काजळी धरून ठेवणारी जी जाळी सायलेन्सरात असते, डीपीएफ, ती जादा डिझेलच्या काजळीने तुंबली होती. संगणकाने इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापली. मागे ओढून आणणे, जाळीची सफाई, क्लचचा सगळा संच, टोमॅटोचे नुकसान, दुसऱ्या गाडीचे भाडे मिळून हिशेब पासष्ट हजारांवर गेला. डबा त्यांनी वर्कशॉपला जाण्याआधी काढून ठेवला होता, पण दाब हुकल्याच्या नोंदी संगणकात शिल्लक होत्या. वॉरंटी नाकारली गेली. त्यात कंपनीचे काय चुकले असे आम्हाला म्हणवत नाही. दोन हप्ते थकले आणि नोटीस गेली ती जामीनदाराच्या घरी, त्याच्या मुलीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी. त्या दोन घरांचे बोलणे अजून नीट सुरू झालेले नाही.

कायद्याचेही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की ती नोंदणीपुस्तकातल्या, कंपनीने दिलेल्या तपशिलाहून वेगळी होईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हेच ठणकावले. २०१९ च्याच दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिले गेले. त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. रस्त्यात कोणी बॉनेट उघडून बघत नाही हे आम्हालाही माहीत आहे. पण अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस मात्र उघडून बघतो.

आणि हे नुसते आपल्याकडचे कडक कायदे आहेत असे कोणी समजू नये. ज्या अमेरिकेतून हा डबा आला, तिथल्या पर्यावरण खात्याने २०२० साली अंदाज काढला की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची धूर आवरणारी यंत्रणा काढून टाकली गेली, आणि त्यांचा जादा धूर नव्वद लाख गाड्यांच्या बरोबरीचा. अशा कामाला या ट्यूनरांचाच हात लागतो. २०२३ च्या अखेरीस कमिन्ससारख्या नामांकित कंपनीने रॅम पिकअपच्या इंजिनांतील अशाच संगणकी करामतीबद्दल १६७ कोटी डॉलरहून अधिक दंड भरण्याचे मान्य केले. आपल्या चाकणलाही ही झळ लागली होतीच. फोक्सवॅगनचे प्रकरण २०१५ साली निघाले तेव्हा पुण्याच्या एआरएआयने गाड्या तपासल्या, आणि कंपनीला देशातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. चूक कुठल्या नटात-बोल्टात नव्हती, संगणकात लिहिलेल्या मजकुरात होती.

असो. आता मूळ दुखण्याकडे येऊ. गाडी ओढत नाही, ही तक्रार तर खरी आहे ना? बहुधा खरी असते. पण ती आधी ओढत होती आणि आता ओढत नाही, असेच नव्वद जण सांगतात. कंपनीने दिलेली ताकद कुठेतरी गळते आहे, आणि आपण ती शोधायची सोडून नवी विकत घ्यायला निघालो आहोत. फुटक्या पाटाला मोटर मोठी बसवण्यासारखे हे झाले. आमच्या यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांचे एअर फिल्टर एकदा वर्कशॉपच्या मिस्त्रींनी सहज उघडून पाहिले. बगॅसची धूळ इतकी बसलेली की फिल्टर आपटल्यावर खाली ढीग पडला. त्या इंजिनांनी श्वास तरी कुठून घ्यायचा? टर्बोकडून येणारा रबरी होज क्लिपेपाशी चिरलेला असतो किंवा उंदराने कुरतडलेला असतो. तिथून हवा फुसफुसत जाते आणि ड्रायव्हर डिझेलला शिव्या देतो. ईजीआरचा पडदा काजळीने चिकटलेला असतो. डिझेल फिल्टरमधले पाणी महिनोन्‌महिने सोडलेले नसते. आणि एक गोष्ट तर कोणाच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे ब्रेक. दहा किलोमीटर गाडी चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ नुसता हात न्या, टेकवू नका. एखादे चाक बाकीच्यांहून जास्त तापलेले लागले तर ब्रेक धरून बसला आहे. म्हणजे तुम्ही पायटा दाबून गाडी ओढता आहात आणि तीच गाडी मागून तुम्हाला धरून ठेवते आहे. चाकातली हवा मोजायला तर काहीच लागत नाही.

हे सगळे ठीक असूनही घाटात दम लागत असेल तर नोंदणीपुस्तक काढून भार किती लिहिला आहे तो वाचा. जादा भाराला कायद्यात वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे, पण दंडापेक्षा आम्हाला काळजी उताराची वाटते. डबा चढाला मदत करील. उताराला ब्रेक जुनेच असतात.

आता राहिला तो गुण, जो आम्हाला त्या अमेरिकन डब्यात पसंत पडला. तो लिहितो त्यापेक्षा वाचतो, हे आमच्या मते जास्त मोलाचे. त्याच खाचेत लावायचे नुसते वाचणारे यंत्र, ‘स्कॅनर’, आपल्याकडेही मिळते. हजाराच्या आसपास मिळणारा ब्लूटूथचा तुकडा मोबाइलला जोडून चुकांचे साधारण कोड, पाण्याचे तापमान, काही गाड्यांत रेलचा आणि टर्बोचा दाब दाखवतो. नकली फार आहेत आणि सगळ्या गाड्यांचे सगळे तो वाचीत नाही. गॅरेजातले मोठे हँडहेल्ड स्कॅनर पुष्कळ कंपन्यांच्या गाड्या खोलवर वाचतात, डीपीएफ किती तुंबली हेही सांगतात, पण ते एकट्यादुकट्याला परवडत नाहीत. आमच्या त्या सभासद बंधूंजवळ असा स्कॅनर असता तर दिवा लागण्याआधी पंधरा दिवस जाळी भरत चालल्याचे कळले असते.

आणि इथे आमची कंपन्यांशी तक्रार आहे, ती लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. गाडी आमची, कर्ज आमचे, पण ती आजारी का आहे हे वाचायची किल्ली यांच्या वर्कशॉपात! पिवळा दिवा लागला की चाळीस किलोमीटर गाडी न्यायची, दिवस मोडायचा आणि ‘कॉम्प्युटर चेकिंग’चे पैसे मोजायचे. त्यात पुष्कळदा एखादी सैल पिन निघते. या डबेवाल्यांचा धंदा चालतो तो याच रागावर. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारगाड्या आणि शेतीची यंत्रे दोन्ही घेतली आहेत. चांगले झाले. पण आमच्या गावातल्या मिस्त्रीच्या हातात अजून त्यातून काय आले, हे विचारायला पाहिजे. विशेषतः आता ट्रॅक्टरांचीही तीच गत होणार आहे. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागू झाले, त्यामुळे तिथेही पंपाच्या जागी संगणक आला. ऐन हंगामात ट्रॅक्टर गव्हाणीपासून पाच किलोमीटरवर पिवळा दिवा लावून बसला तर ऊस वाळतो आणि तोडणीची टोळी बसून राहते. ते नुकसान एकट्या वाहतूकदाराचे नाही.

म्हणून आमची सूचना अशी. कारखान्याच्या वर्कशॉपने पुष्कळ कंपन्यांच्या गाड्या वाचणारा एक चांगला स्कॅनर घ्यावा. आपले ऑटो इलेक्ट्रिशियन तो आठवड्यात शिकतील. सभासदाची पिकअप असो की ट्रॅक्टर, माफक शुल्क घेऊन वाचून द्यावी आणि निघालेले कोड कागदावर लिहून द्यावेत. तो कागद हातात असला म्हणजे पुढे कोणत्याही गॅरेजात गेले तरी माणूस निम्मा तरी फसणार नाही. कोष्टके बदलणारे कोणतेही यंत्र मात्र वर्कशॉपात असू नये, आणि कोणी आग्रह केला तरी बदलून देऊ नये. वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. वाहनधारक सभासदांनी गाडीची कंपनी, साल आणि नेहमीची तक्रार एवढे चिठ्ठीवर लिहून आपल्या गटाच्या चिटबॉयकडे द्यावे, म्हणजे कोणत्या गाड्या वाचणारा स्कॅनर घ्यावा ते ठरवता येईल.

संत तुकाराम नगरातल्या त्या टेबलावरचा टोपण काढलेला हिरवा डबा आम्ही मागून आणला आहे. शेतकी ऑफिसात ठेवला आहे. ज्यांना आत काय आहे ते पाहायचे असेल त्यांनी कामकाजाच्या वेळेत येऊन पाहावे. दिवे अजून लागतात.